बेलारूस २०२०: मतं नेमकी कुठल्या टप्प्यावर गायब झाली?

वेधशाळा (धागाकर्ता)

९ ऑगस्ट २०२०, बेलारूसची अध्यक्षीय निवडणूक. अधिकृत निकाल: १९९४ पासूनचे अध्यक्ष अलेक्सांद्र लुकाशेन्को ८०.१ टक्के, विरोधी उमेदवार स्वेतलाना तिखानोव्स्काया १०.१ टक्के. त्याच रात्री लोक रस्त्यावर आले. १६ ऑगस्टला मिन्स्कमध्ये देशाच्या इतिहासातला सगळ्यात मोठा मोर्चा निघाला. २३ सप्टेंबरला कोणालाही आधी न सांगता शपथविधी उरकला. नंतरची धरपकड सगळ्यांनी वाचली असेल.

प्रश्न साधा आहे, पण बातम्यांमध्ये त्याचं उत्तर सापडत नाही. 'निवडणुकीत घोटाळा झाला' म्हणजे प्रत्यक्षात काय झालं? तिथे मतदान यंत्र नाही, कागदी मतपत्रिका आहे. मतदार यादी आहे, केंद्रावर निरीक्षक आहेत, मोजणी त्याच केंद्रावर होते आणि निकालाची प्रत बाहेर लावायची असा नियमही आहे. कागदावर सगळं ठाकठीक. मग पेटी, यादी, मोजणी, सही, बेरीज यांपैकी हात कुठे मारला?

जाणकारांनी टप्प्याटप्प्याने लिहावं. हुकूमशहा वाईट असतात, लोकशाही जपली पाहिजे वगैरे प्रतिसाद नकोत. ते मान्य आहे.

तिरकस

रुमाल टाकून ठेवतो. चहा घेऊन येतो.

मीठभाकर

पेटीपासून सुरुवात केलीत तर अर्धा खेळ हुकेल. आधी उमेदवारी बघा.

अध्यक्षपदासाठी उभं राहायचं तर प्रथम किमान १०० जणांचा 'पुढाकार गट' निवडणूक आयोगाकडे नोंदवायचा. तो मंजूर झाला की महिनाभरात १ लाख मतदारांच्या सह्या गोळा करायच्या. लोकसंख्या ९४ लाखांच्या आसपास, म्हणजे अट चांगलीच कडक. सह्या जिल्हावार स्वतंत्र कागदांवर, पासपोर्ट क्रमांकासकट. स्थानिक आयोग त्यातला नमुना तपासतो. ठरावीक प्रमाणाबाहेर सह्या सदोष ठरल्या की त्या जिल्ह्यातल्या सगळ्याच बाद. सदोष म्हणजे काय ते ठरवणार तोच आयोग, आणि तपासणी बघायला उमेदवाराचा माणूस तिथे असेलच याची हमी नाही.

२०२० मध्ये तीन मोठे विरोधक होते, तिघांना तीन वेगवेगळ्या दारांनी बाहेर काढलं. व्हिडिओ ब्लॉगर सर्गेई तिखानोव्स्की पुढाकार गटाच्या अर्जाच्या वेळी प्रशासकीय कोठडीत होता. अर्जावर स्वतःची सही हवी, म्हणून नोंदणी नाही. त्याच्या बायकोने शेवटच्या क्षणी स्वतःच्या नावाने अर्ज भरला, ती स्वेतलाना. माजी राजदूत वालेरी त्सेपकालो यांनी १ लाख ६० हजार सह्या दिल्या, आयोगाने ७५ हजारच वैध धरल्या. बँकेचे माजी प्रमुख विक्तर बाबारिको यांच्या सह्यांना हात लावणं अवघड होतं, कारण त्यांच्या गटाने चार लाखांवर गोळा केल्या होत्या. त्यांना १८ जूनला अटक झाली आणि उमेदवारी उत्पन्नाच्या घोषणापत्रावरून नाकारली.

म्हणजे ९ ऑगस्टला लोक मत द्यायला गेले तेव्हा यादी आधीच चाळून झाली होती. स्वेतलानाला राहू दिलं, कारण गृहिणी काय करणार असा हिशोब. तो चुकला एवढंच.

कुंदा७७

@मीठभाकर, मस्त. सह्यांच्या रांगांचे फोटो आठवले, मिन्स्कच्या बाजारापाशी लोक तासन् तास उभे होते. पण सही केली म्हणजे नाव आणि पासपोर्ट क्रमांक सरकारकडे गेला. नंतर त्या याद्या वापरल्या का?

मीठभाकर

वापरल्या. २०२० नंतर सरकारी नोकरी, शाळा, दवाखाने इथली नेमणूक आणि मुदतवाढ यांत 'अमुक उमेदवारासाठी सही केली होती' हा शेरा आड आल्याचं तिथल्या मानवाधिकार गटांनी पुष्कळदा नोंदवलं आहे. सहीचे कागद नष्ट होतील असं गृहीत धरणं ही लोकांची मोठी भाबडी समजूत होती.

पंचम

आता पेटीकडे येतो. धागाकर्त्याच्या प्रश्नाचं मधलं उत्तर 'मुदतपूर्व मतदान' हे आहे.

मुख्य दिवस रविवार. त्याआधी मंगळवार ते शनिवार असे पाच दिवस कोणालाही मत देता येतं. कारण विचारत नाहीत, दाखला लागत नाही. २०१५ मध्ये सुमारे ३६ टक्के मतदारांनी असं मत दिल्याचं जाहीर झालं, २०२० मध्ये ४१.७ टक्के. वसतिगृहातले विद्यार्थी, सैनिक, सरकारी कारखान्यांतले कामगार यांना वरिष्ठ सांगतात की बुधवारपर्यंत उरका. वॉर्डन दार ठोठावून विचारते, मत दिलंस का?

रोज संध्याकाळी पेटीची फट कागदाने बंद करून त्यावर सदस्यांच्या सह्या करतात. खोलीला कुलूप, बाहेर पोलीस. निरीक्षकाला रात्री आत प्रवेश नाही. म्हणजे पाच रात्री ती पेटी आयोग आणि पोलीस यांच्याच ताब्यात. कागदाची चिकटपट्टी आणि त्यावरच्या सह्या हे कुलूप नव्हे, ज्याने सही केली तो पुन्हा नवी पट्टी लावून पुन्हा सही करू शकतो.

त्यात २०२० ला कोविडचं निमित्त. मुदतपूर्व दिवसांत एका केंद्रावर जास्तीत जास्त तीन निरीक्षक आणि मुख्य दिवशी पाच, असा नियम काढला. ज्याने आधी नोंदणी केली त्याला आधी जागा. सरकारधार्जिण्या संघटनांनी (बेलाया रुस, युवक संघ, महिला संघ, सरकारी कामगार महासंघ) जागा आधीच भरल्या होत्या. बाकीचे शाळेच्या फाटकाबाहेर खुर्ची टाकून बसले आणि आत जाणारी माणसं मोजू लागले. रोजच्या कागदावर आकडा त्यांच्या मोजणीपेक्षा कितीतरी जास्त. कित्येकांना तिथूनच उचललं.

जिराफ

बाहेर बसून माणसं मोजणं हा पुरावा कसा? मागच्या दाराने आलेले कोण मोजणार?

पंचम

कोर्टात टिकेल असा पुरावा नाहीच. पण एका शाळेत एकच प्रवेशद्वार उघडं असेल आणि दिवसभरात फाटकातून ८० माणसं आत गेली तर कागदावर ३०० कशी, एवढं विचारता येतं. असा फरक एकाच बाजूला आणि शहराशहरांत दिसला.

कोकणी_वारा

मुदतपूर्व पेटीत भर टाकणं हा जुना प्रकार. पण २०२० ला मिन्स्कमध्ये पेटीत भर टाकूनही आकडा ८० पर्यंत पोचला नसता, इतकी मतं विरोधात होती. तिथे सरळ अंतिम कागदच बदलला. तो कसा, ते मोजणीच्या पद्धतीत आहे.

केंद्र आयोगात साधारण दहा-बारा सदस्य. रविवारी रात्री आठला मतदान संपतं. आधी मुदतपूर्व पेटी, घरी फिरवलेली पेटी आणि मुख्य दिवसाची पेटी यांतल्या मतपत्रिका वेगवेगळ्या मोजायच्या. कायद्यात एवढंच आहे की आयोग मोजणी करतो. प्रत्येक पत्रिका वर धरून दाखवा, नाव मोठ्याने वाचा, ती कुठल्या गठ्ठ्यात जाते ते निरीक्षकाला दिसू द्या, यातलं काहीही नाही. सगळे सदस्य टेबलाभोवती उभे राहतात, प्रत्येकाच्या हातात एक गठ्ठा, सगळे एकाच वेळी आणि गप्प बसून मोजतात. मोजलेला आकडा सदस्य चिठ्ठीवर लिहून अध्यक्षाकडे सरकवतो. अध्यक्ष बेरीज करतो. निरीक्षक तीन-चार मीटरवर, त्याला लोकांच्या पाठी दिसतात.

म्हणजे एक सदस्य प्रामाणिक असला तरी त्याला फक्त स्वतःचा गठ्ठा माहीत. एकूण बेरीज एकाच माणसाला ठाऊक. ओएससीई (युरोपातली सुरक्षा आणि सहकार्य संघटना) च्या निरीक्षकांनी याआधीच्या निवडणुकांच्या अहवालांत हीच तक्रार वारंवार केली आहे. २०२० ला त्यांना वेळेत निमंत्रणच मिळालं नाही, म्हणून त्यांची मोहीम गेलीच नाही.

तिरकस

गप्प राहून मोजणी! आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत आवाज न करता काही होऊच शकत नाही, त्यामुळे लोकशाही सुरक्षित आहे.

खडूस_काका

तुम्ही सगळे पेटी-पेटी करताय. मला एक सांगा, हे आयोगाचे सदस्य कोण? आकाशातून पडले?

कोकणी_वारा

काका, मुद्द्याला हात घातलात. केंद्र बहुतेक वेळा शाळेत. अध्यक्ष बहुतेक मुख्याध्यापिका किंवा उपमुख्याध्यापिका, सदस्य त्याच शाळेतले शिक्षक. कारखान्याजवळचं केंद्र असेल तर तिथले कर्मचारी आणि त्यांचा साहेब. सदस्य नेमतं स्थानिक प्रशासन. देशभरात सदस्य हजारोंनी, त्यांत विरोधी पक्षांचे बोटांवर मोजण्याइतके.

आता त्यांची नोकरी बघा. १९९९ च्या अध्यक्षीय आदेश क्रमांक २९ पासून तिथे जवळजवळ सगळ्या नोकऱ्या कंत्राटावर आहेत, एक ते पाच वर्षांच्या. मुदत संपली की नूतनीकरण करायचं की नाही हे मालकाच्या मर्जीवर, कारण देण्याची गरज नाही. मालक म्हणजे सरकार, कारण मोठे उद्योग खाजगी झालेच नाहीत. ज्या मुख्याध्यापिकेने कागद पुढे केला, तीच मे महिन्यात कंत्राट वाढवणार. अशा वेळी कागदावर सही करायला कोणी बंदूक दाखवत नाही.

नर्मदाकाठ

पण आपल्याकडेही झेडपीचे शिक्षकच निवडणुकीच्या कामाला असतात की! मग आपल्याकडे हे होत नाही ते का?

कोकणी_वारा

फरक तीन ठिकाणी आहे. आपल्याकडे कर्मचाऱ्यांची नेमणूक सोडतीने होते, एका शाळेचा गट एकाच केंद्रावर, तोही स्वतःच्या मुख्याध्यापकाच्या हाताखाली, असं होत नाही. शिक्षकाची नोकरी कायम असते. आणि केंद्रावर पक्षांचे प्रतिनिधी बसतात, मतदान संपल्यावर किती मतं पडली याचा नमुना १७-सी त्यांच्या हातात पडतो. बेलारूसमध्ये यातलं एकही नाही.

संपादक

इथल्या निवडणुका, यंत्रं, व्हीव्हीपॅट यावर वेगळे धागे आहेत. हा बेलारूसचाच राहू द्या. दोन प्रतिसाद उडवले आहेत.

जिराफ

बरं. पण मग लोकांना कळलं कसं की आकडे खोटे आहेत? विरोधकांनाही शेवटी अंदाजच ना?

पंचम

नाही, अंदाज नव्हता. 'गोलोस' नावाचं व्यासपीठ बनवलं होतं. मतदाराने व्हायबर किंवा टेलिग्रामवरून फोन नंबरने नोंदणी करायची, आपलं केंद्र सांगायचं, मत दिल्यावर मतपत्रिकेचा फोटो पाठवायचा. दहा लाखांहून जास्त लोकांनी नोंदणी केली. मतपत्रिकेचे फोटो साडेपाच लाखांच्या आसपास आले.

याची युक्ती अशी. अमुक केंद्रावर तिखानोव्स्कायाला अधिकृत मतं १६० आणि त्याच केंद्रातल्या २५० वेगवेगळ्या लोकांनी तिच्या नावापुढे खूण केलेल्या पत्रिकेचा फोटो पाठवला असेल, तर बाकी कुठलंही गृहीतक न धरता तो कागद खोटा. (आकडे उदाहरणादाखल.) सर्वेक्षणासारखं 'नमुना प्रातिनिधिक आहे का' हे भांडण इथे येतच नाही.

दुसरा धागा अंतिम कागदांच्या फोटोंचा. ५,७६७ केंद्रांपैकी १,३१० केंद्रांचे कागद स्वयंसेवकांनी जमवले. तेवढ्याच केंद्रांची बेरीज केली तर तिखानोव्स्कायाला ४ लाख ७१ हजारांवर मतं. आयोगाने संपूर्ण देशात तिला दिलेली मतं ५ लाख ८८ हजार. म्हणजे उरलेल्या जवळपास साडेचार हजार केंद्रांत मिळून सव्वा लाखाच्याही आत. आणि या १,३१० मधले बरेचसे कागद आधीच बदललेले होते, तरीही.

मिन्स्कमधल्या काही केंद्रांनी खरा आकडा बाहेर लावला. त्या फाटकांपाशी लोकांनी टाळ्या वाजवल्या, सदस्य रडत बाहेर आले. दुसरीकडे एका केंद्राच्या वरच्या मजल्याच्या खिडकीला शिडी लावून एक बाई पिशवी घेऊन उतरतानाचा व्हिडिओ जगभर फिरला.

कुंदा७७

त्या घड्या घातलेल्या मतपत्रिकांचं काय प्रकरण होतं? भात्यासारखी घडी घालून टाका असं सांगितलं होतं ना?

पंचम

हो. मनगटाला पांढरी पट्टी आणि भात्यासारखी घडी. पट्टीमुळे बाहेरच्या निरीक्षकाला रांगेतले समर्थक मोजता येत. घडीमुळे पेटी रिकामी केल्यावर टेबलावर तो ढीग वेगळा उठून दिसणार, लांब उभ्या निरीक्षकालाही. खोटा कागद लिहिणाऱ्याला थोडी तरी लाज वाटावी हा हेतू. तांत्रिकदृष्ट्या त्याने काही अडत नाही.

खडूस_काका

आता माझं ऐका. १९९४ ची निवडणूक खरी होती, लुकाशेन्को दुसऱ्या फेरीत ८० टक्क्यांनी पंतप्रधान केबिच यांना हरवून आला. भ्रष्टाचारविरोधी समितीचा अध्यक्ष होता, लोकांना हवा होता. पेन्शन वेळेवर, कारखाने चालू, रशियासारखे मूठभर लोक गबर झाले नाहीत. २००६ ला आणि अगदी २०१० ला सुद्धा तो सरळ निवडणुकीत जिंकलाच असता. तुम्ही सगळं चोरीवर ढकलताय.

मीठभाकर

काका, हे खरं आहे आणि त्याचा आकडाही आहे. आयआयएसईपीएस नावाची स्वतंत्र सर्वेक्षण संस्था होती. त्यांच्या पाहणीत २००६ ला त्याला साठ टक्क्यांवर आणि २०१० ला निम्म्याच्या जरा वर पाठिंबा होता. अधिकृत आकडे अनुक्रमे सुमारे ८३ आणि ७९.६५. म्हणजे जिंकत असतानाही वाढवून सांगितले. २०१६ ला त्या संस्थेला काम बंद करावं लागलं, मग खरा आकडा सांगणारं कोणीच उरलं नाही.

तिरकस

अहो २००६ नंतर त्याने स्वतः जाहीर सांगितलं होतं की खरं तर ९३ टक्क्यांवर मिळाली होती, पण युरोपला बरं दिसेना म्हणून ८६ वर आणली. म्हणजे घोटाळा कबूल, फक्त उलट्या दिशेने! आणि अधिकृत आकडा तर ८३ होता, तीन टक्के कुठे सांडले देव जाणे.

वेधशाळा

हा किस्सा माहीत नव्हता. पण गंभीर प्रश्न: जिंकत असताना खोटे आकडे कशाला?

मीठभाकर

आकडा मतदारांसाठी नसतो, खालच्या अधिकाऱ्यांसाठी असतो. ५२ टक्के म्हटलं की प्रत्येक जिल्हाधिकारी विचार करतो, पुढच्या वेळी हा पडला तर? ८० म्हटलं की तो विचार डोक्यात येत नाही. शिवाय प्रत्येक जिल्ह्याला 'तुमच्याकडे कमी का' हा प्रश्न येतो, मग खालून आपोआप चढाओढ. एकदा ही सवय लागली की खरा पाठिंबा किती हे वरच्यालाही कळत नाही. २०२० ला 'कोविडला व्होडका आणि ट्रॅक्टर' म्हणत बसला आणि शहरं हातातून गेल्याचं त्याच्या लक्षातच आलं नाही, ते यामुळेच.

पण काकांच्या मुद्द्यात एक भोक आहे. १९९६ धरा. नोव्हेंबरच्या सार्वमतात संविधान बदलून सगळी सत्ता एकाकडे आली. घटना न्यायालयाने म्हटलं होतं की ते सार्वमत फक्त सल्ल्यापुरतं असू शकतं. निवडणूक आयोगाचे अध्यक्ष विक्तर गोंचार सही करणार नव्हते, त्यांना सार्वमताच्या दहा दिवस आधी कार्यालयातून हुसकावलं आणि लिदिया येर्मोशिना बसल्या, त्या पुढे २०२१ पर्यंत. गोंचार १६ सप्टेंबर १९९९ ला बेपत्ता झाले, आजतागायत सापडलेले नाहीत. त्याच वर्षी मे महिन्यात माजी गृहमंत्री युरी झाखारेन्को बेपत्ता. २००४ च्या सार्वमताने मुदतीची मर्यादा काढली. म्हणजे लोकप्रियता होती तेव्हाच ती नसतानाच्या दिवसांची तजवीज करून ठेवली.

जिराफ

बाकी सगळं ठीक. पण मोठे कारखाने बंद पाडले असते तर सरकार आठवड्यात वाकलं असतं. संप का फसला?

सोलापुरी_चादर

संपावर मी लिहितो. १४ ऑगस्टपासून ट्रॅक्टर कारखाना एमटीझेड, खाणींचे ट्रक बनवणारी बेलाझ, खत कारखाना ग्रोद्नो अझोत, सोलिगोर्स्कच्या पोटॅश खाणी सगळीकडे खळबळ होती. १७ तारखेला लुकाशेन्को चाकी ट्रॅक्टरच्या कारखान्यात भाषणाला गेला आणि कामगारांनी 'चालता हो' च्या घोषणा दिल्या, ते सगळ्यांनी पाहिलं.

पण संप म्हणजे काम थांबणं, घोषणा नव्हे. कायदेशीर संपाला आधी लेखी मागण्या, मग समेट समिती, गुप्त मतदान, आगाऊ नोटीस. एवढं होईपर्यंत महिने जातात. ते न करता काम थांबवलं तर गैरहजेरी, आणि गैरहजेरी म्हणजे बडतर्फी. पगाराचा मोठा भाग बोनसच्या रूपात असतो, तो फोरमन एका सहीने कापतो. घर कारखान्याच्या वसतिगृहात, कर्ज सरकारी बँकेचं. संप-निधी होता, पण परदेशातून येणारा पैसा खात्यात आला की चौकशी. मग कामगारांनी 'नियमाने काम' सुरू केलं, म्हणजे प्रत्येक सुरक्षा-नियम अक्षरशः पाळायचा. उत्पादन घसरलं, थांबलं नाही. संप समितीच्या लोकांना एकेक करून उचललं.

२०२१ च्या दुरुस्तीने राजकीय मागणीसाठी संप बंदच केला आणि प्रशासकीय कोठडीमुळे गैरहजर राहिलं तर नोकरीवरून काढता येईल असं कलम घातलं. म्हणजे पोलिसाने १५ दिवस आत ठेवायचं आणि मालकाने त्याच कारणाने काढायचं. २०२२ च्या एप्रिलमध्ये स्वतंत्र कामगार संघटनांचे नेते अटकेत गेले. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०२३ मध्ये बेलारूसवर आपल्या घटनेचं ३३ वं कलम (सभासद देशावर कारवाईचं) लावलं, शंभर वर्षांत दुसऱ्यांदा. पहिलं म्यानमार.

कुंदा७७

कोठडीत प्रत्यक्ष काय होतं, कायदा कुठला लावतात?

सोलापुरी_चादर

सुरुवातीला प्रशासकीय संहितेचं २३.३४, विनापरवाना सभा, १५ दिवसांपर्यंत. ९ ते १२ ऑगस्टमध्येच साडेसहा हजारांवर लोक पकडले. मिन्स्कच्या ओक्रेस्तिना कोठडीत चार-सहा जणांच्या खोलीत तीस-चाळीस. सुटताना जेवणाचं बिल. सुनावणी पाच-दहा मिनिटांची, साक्षीदार पोलीस चेहरा झाकून स्काइपवर, नाव 'इवानोव इवान इवानोविच' छापाचं. वकील उलटतपासणीला उठला की न्यायाधीश म्हणणार, प्रश्न फेटाळला. नंतर शंभरावर वकिलांच्या सनदा गेल्या.

पुढे फौजदारी ३४२, सार्वजनिक सुव्यवस्थेचा भंग, चार वर्षांपर्यंत. रस्त्यावर उभं असल्याचा एक फोटो पुरतो. चेहरा ओळखायला 'किपोड' नावाची प्रणाली, ती बनवणाऱ्या कंपनीवर युरोपीय संघाने २०२० च्या डिसेंबरमध्ये निर्बंध घातले. तुरुंगात अशा कैद्यांच्या कपड्यावर पिवळी पट्टी. शर्टाचं बटण उघडं, पलंगावर दिवसा बसला, अशा नोंदी जमवून शिक्षा-कोठडी, आणि शिक्षा संपत आली की ४११, म्हणजे प्रशासनाची अवज्ञा, आणखी वर्ष-दोन वर्षं. तारीख जवळ आली की घरचे तयारी करतात आणि तारीख पुढे सरकते.

२०२४ च्या जानेवारीत कैद्यांच्या कुटुंबांकडे एकाच वेळी छापे पडले. गुन्हा काय, तर एका संस्थेकडून घरी किराणा मागवला होता. ती संस्था अतिरेकी यादीत.

तिरकस

अवांतर: २०११ मध्ये लोक चौकात जमून नुसत्या टाळ्या वाजवायचे, तर टाळ्यांवर बंदी आली. ग्रोद्नोमध्ये एकाला टाळ्या वाजवल्याबद्दल दंड झाला, त्याला एकच हात होता. २०१३ चं इग नोबेल शांतता पारितोषिक यावरच, राष्ट्राध्यक्ष आणि पोलिसांना विभागून.

नर्मदाकाठ

आणि २०२१ मध्ये पांढरे-लाल-पांढरे (विरोधकांच्या झेंड्याचे रंग) मोजे घातले म्हणून दंड. मोजे!!

आता एक कामाचा प्रश्न. आपल्याकडची बरीच मुलं गोमेल, ग्रोद्नो, वितेब्स्कला वैद्यकीय शिकायला जातात. त्यांना काही धोका?

पंचम

अभ्यास करून येणाऱ्याला साधारण त्रास नाही, पण फोन नीट बघून न्यावा. प्रशासकीय कलम १९.११, अतिरेकी साहित्याचा प्रसार. बंदी घातलेल्या चॅनेलची बातमी पुढे पाठवणं, जुनी लाइक, कधी कधी नुसतं सदस्य असणं यावरून लोकांना शिक्षा झाल्या आहेत. दंड किंवा १५ दिवस, वर फोन जप्त. यादी सतत वाढते आणि मागच्या तारखेच्या पोस्टलाही लागते. तुतबाय हे देशातलं सगळ्यात मोठं बातमी-संकेतस्थळ होतं, २०२१ च्या मे महिन्यात बंद केलं, नंतर त्याचा जुना मजकूरही अतिरेकी ठरला. टेलिग्राममधून अशी चॅनेल काढून टाका, चित्रं डाउनलोड फोल्डरमधूनही काढा. मोर्च्याचे फोटो कौतुकाने काढू नका.

मिरजेचा_आडत्या

धागा मस्त चाललाय, थोडं आपल्या बाजूने. सोलिगोर्स्कचं पोटॅश म्हणजे आपलं लाल एमओपी खत (म्युरिएट ऑफ पोटॅश). भारत पोटॅश जवळजवळ सगळं आयात करतो आणि बेलारूस मोठा पुरवठादार. अमेरिकी निर्बंधांनंतर लिथुआनियाने १ फेब्रुवारी २०२२ पासून क्लायपेडा बंदराकडे जाणारी त्याची रेल्वे वाहतूक बंद केली, त्याच महिन्यात युक्रेन युद्ध. पन्नास किलोचं पोतं १,७०० रुपयांपर्यंत गेलं होतं. ऊस आणि केळीवाल्यांनी मात्रा कमी केली. (द्राक्षवाले क्लोराइडमुळे एसओपी म्हणजे सल्फेटवालं पोटॅशच वापरतात, त्यांचं गणित वेगळं.)

खडूस_काका

म्हणजे निर्बंधाने लुकाशेन्को हलला नाही, शेतकरी हलला.

मिरजेचा_आडत्या

काका, अगदी तसंही नाही. माल रशियाच्या बंदरांवरून लांबच्या वाटेने जाऊ लागला, भाडं वाढलं, सवलतीने विकावा लागला. म्हणून तर २०२५ मध्ये कैद्यांचा सौदा सुरू झाला. जूनमध्ये सर्गेई तिखानोव्स्की सुटला, १८ वर्षांची शिक्षा होती. १३ डिसेंबरला १२३ जण सोडले, त्यात शांततेचं नोबेल मिळालेले आलेस बियालियात्स्की, शिवाय विरोधी नेत्या मारिया कोलेस्निकोवा आणि बाबारिको. बदल्यात अमेरिकेने पोटॅशवरचे निर्बंध उठवले.

सोलापुरी_चादर

आणि सोडले म्हणजे सीमेपलीकडे नेऊन टाकले. सप्टेंबरमध्ये जुना विरोधी नेता मिकोला स्तात्केविच सीमेवर बसमधून उतरून मागे फिरला, देश सोडणार नाही म्हणाला, तर पुन्हा आत. शिवाय २०२३ च्या सप्टेंबरपासून परदेशातल्या वकिलाती नवा पासपोर्ट देत नाहीत. मुदत संपली की माणूस लटकला. रोज नवी माणसं आत जातात ते वेगळंच.

वेधशाळा

खूप माहिती मिळाली, आभार. मूळ प्रश्नावर परत येतो. आतापर्यंतचं वाचून माझं मत बनतंय की हात मारला तो अध्यक्षाच्या बेरजेत, म्हणजे अंतिम कागदावर. बरोबर?

जिराफ

मला पटत नाही. कागद खोटा हे पहिल्याच आठवड्यात सिद्ध झालं होतं की. मग पुढे काय झालं? तिखानोव्स्कायाची तक्रार सर्वोच्च न्यायालयाने २५ ऑगस्टला दाखलच करून घेतली नाही, निकालाविरुद्ध अपिलाची तरतूदच नाही म्हणून. त्यामुळे खरी चोरी कागदानंतरची. पुरावा घेऊन जायला खिडकीच नव्हती.

कोकणी_वारा

दोघांचंही अर्धं बरोबर. कुठे दुखलं ते सरकारलाच विचारा, त्यांनी नंतर डागडुजी कुठे केली ते बघा. मतपत्रिकेचा फोटो काढायला बंदी. मतदान कक्षाचे पडदे काढले. परदेशात एकही मतदान केंद्र नाही. केंद्र आयोगाच्या सदस्यांची नावं प्रसिद्ध करणं बंद. पंधरा पक्षांचे चार केले. न्यायालयाला हात लावायची गरज पडली नाही, ते आधीच हातात होतं.

म्हणजे २०२० ला दोन गोष्टी त्यांच्या अंगावर आल्या: मतदाराच्या हातातला फोटो आणि सही करणाऱ्या बाईचं नाव. नावं उघड होती म्हणून शेजाऱ्यांनी तिला जिन्यात गाठून विचारलं, आमची मतं कुठे गेली? सरकारने तिला आता निनावी केली. २०२४ ची संसदीय आणि २६ जानेवारी २०२५ ची अध्यक्षीय निवडणूक अशीच झाली. ८६.८२ टक्के, रस्त्यावर चिटपाखरू नाही.

तिरकस

आणि २०२५ ला दुसऱ्या क्रमांकावर आलेला कम्युनिस्ट उमेदवार प्रचारात सांगत होता की मी लुकाशेन्कोच्या जागी नाही, त्याच्या सोबत उभा आहे. त्यालाही तीन टक्के मिळाले, म्हणजे विरोधाची हौस असलेले लोक आहेत तर.

वेधशाळा

@कोकणी_वारा, नावं लपवण्याचा मुद्दा लक्षात आला नव्हता. शेवटचं विचारतो, २०२२ च्या संविधानात दोन मुदतींची मर्यादा परत आणली म्हणतात, ती लुकाशेन्कोला लागू नाही?

मीठभाकर

मोजणी नव्या निवडणुकीपासून, आधीच्या सहा मुदती हिशोबात नाहीत. २०२५ ची पहिली, २०३० ची दुसरी, म्हणजे २०३५ पर्यंत. शिवाय 'अखिल बेलारूसी जनसभा' नावाची १,२०० प्रतिनिधींपर्यंतची सभा संविधानात घातली. ती थेट लोकांनी निवडायची नाही. तिचा अध्यक्ष २०२४ च्या एप्रिलपासून तोच आहे. राष्ट्राध्यक्षपद सोडलं तरी खुर्ची तयार आहे.

खडूस_काका

कझाकस्तानच्या नझरबायेव यांनीही अशीच खुर्ची करून ठेवली होती, २०२२ च्या जानेवारीत तीन दिवसांत गेली. त्यावर कोणीतरी वेगळा धागा काढा.

तिरकस

काका, तुम्हीच काढा. रुमाल टाकतो.